लेकराला आधी विचारणारी माणसं

(अल्लीपूर, जि. वर्धा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना तुमचं गाव ‘नर्सबाई’ म्हणायचं. आयोजकांनी मला विषय दिला होता ‘आरोग्य कर्मचाऱ्यांचा गौरव’. मी तो थोडा बदलून मागितला. आजारी मुलाचं म्हणणं जे कर्मचारी ऐकतात, लिहून ठेवतात आणि वरपर्यंत पोचवतात, त्यांच्या गौरवाबद्दल मला बोलायचं आहे. हा गौरव कुणी ठरवावा, याबद्दलही. मी मुलांची डॉक्टर आहे. माझी बरीचशी नोकरी याच जिल्ह्यात झाली. दवाखान्यात मुलाशी कोण कसं बोलतं, हे मी रोज पाहत आले.

आपल्याकडे पुरस्कारांची वाण नाही. केंद्र सरकार १९७३पासून परिचारिकांना राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार देतं. महाराष्ट्रात आरोग्य संस्थांना डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाचा पुरस्कार मिळतो. आशा सेविकांचे सत्कार तालुक्या-जिल्ह्याला होतात. हे सगळं चांगलंच आहे. पण सत्कार ठरवायला बसलो की आपण रजिस्टर उघडतो. किती लसी टोचल्या, किती प्रसूती दवाखान्यात झाल्या, किती वजनं घेतली, किती गोळ्या वाटल्या. मोजता येतं ते मोजलं जातं. एखाद्या सिस्टरने मुलाला सुई टोचण्याआधी खरं काय ते सांगितलं का, याला रजिस्टरमध्ये रकाना नाही.

आनंदीबाईंचं नाव घेतलंच आहे, तर तिथे जरा थांबते. पहिल्या महिला डॉक्टर म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्याआधी त्या काय होत्या? चौदा वर्षांची बाळंतीण. त्यांचं बाळ अवघे दहा दिवस जगलं. आजच्या सरकारी हिशेबात दहा ते एकोणीस वर्षं म्हणजे किशोरवय. म्हणजे त्या आपल्या भाषेत किशोरवयीन माता होत्या, आणि त्यांना हवा तसा वैद्यकीय इलाज मिळाला नाही. बाईला आपलं दुखणं पुरुष डॉक्टरसमोर मोकळेपणाने सांगता येत नाही, म्हणून या देशाला स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांनी १८८३च्या फेब्रुवारीत सेरामपूरच्या भाषणात सांगितलं आणि त्याच वर्षी बोटीत बसल्या. मार्च १८८६मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेतली, आणि पुढच्याच फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती, क्षयाने गेल्या. एका अल्पवयीन रुग्णाने स्वतः सोसलं, त्यातून मागणी मांडली आणि ती तडीस नेली, असं हे आयुष्य आहे. त्यांच्या नावाने पुरस्कार देताना आजच्या चौदा वर्षांच्या मुलीचं म्हणणं कुणी ऐकलं, हा प्रश्न विचारायलाच हवा असं मला वाटतं.

आता तुमच्या-माझ्या घरातल्या दुखण्याकडे येते. सिकलसेल. विदर्भाला हा आजार नवा नाही. मध्य भारतात तो असल्याचं नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. आई आणि बाप दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात चारातलं एक मूल पीडित होण्याची शक्यता. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडं, पोट, छाती कुठेही कळा सुरू होतात. थंडी, ताप, दमणूक, पाणी कमी पडणं, काहीही निमित्त पुरतं. दोन झटक्यांच्या मधे मूल तुमच्या-माझ्यासारखं खेळतं. म्हणूनच लोकांना खरं वाटत नाही.

एका दवाखान्यातली गोष्ट सांगते. तेरा-चौदा वर्षांची मुलगी रात्री दाखल झाली. मांड्या आणि पाठ दुखत होती. ताप नाही, सूज नाही, एक्स-रे साफ. बाप म्हणाला, “परीक्षा आली का हिचं असंच असते.” साधी गोळी लिहून दिली गेली. रात्रपाळीला ज्या सिस्टर होत्या त्यांनी स्टूल ओढलं, खाटेशी बसल्या आणि म्हणाल्या, “कुठी दुखते माय, तूच सांग. बाबाले नाही विचारत मी, तुलेच विचारते.” मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हाडाच्या आतून ठोकल्यावानी होते जी. रडलं तर म्हणते नाटक करते. नाही रडलं तर म्हणते दुखत नाही.”

सिस्टरनी हे वाक्य केसपेपरवर जसंच्या तसं उतरवलं. खाली वेळ टाकली, दोन वाजून दहा मिनिटं, आणि पुढे लिहिलं: सिकलसेल तपासणी करावी ही विनंती. सकाळी राउंडला मी तो कागद वाचला. त्यांच्या अक्षरात ‘ठोकल्यावानी’ हा शब्द होता; त्याचं त्यांनी शुद्ध मराठी केलं नव्हतं, वैद्यकीय भाषाही केली नव्हती. मुलीचं रक्त तपासायला गेलं. एसएस निघालं, म्हणजे सिकलसेलचा आजार. तोवर त्या पोरीने नाटकी म्हणून दोन वर्षं बोलणी खाल्ली होती.

त्या सिस्टरांचा सत्कार झाला नाही. व्हायचं कारणच नव्हतं, कारण त्या रात्री त्यांनी मोजता येईल असं काही केलं नव्हतं. एक स्टूल ओढलं होतं.

दुखणं मोजायचं यंत्र अजून कुणी काढलेलं नाही. ज्याला दुखतं त्यालाच विचारावं लागतं. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात, भाजलेल्या मुलांच्या विभागात, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डोना वाँग नावाच्या परिचारिका आणि कॉनी बेकर नावाच्या बालसंगोपन कार्यकर्त्या हेच कोडं सोडवत होत्या. लहान मुलांना एक ते दहा आकडे सांगून उपयोग होत नव्हता. त्यांनी मुलांच्या हातात कोरी वर्तुळं दिली आणि दुखण्याचे चेहरे त्यांनाच काढायला सांगितले. मुलांनी काढले. त्यांतून सहा चेहऱ्यांची ती पट्टी तयार झाली. आज जगभरच्या वॉर्डांत, आपल्याकडेही, ती भिंतीवर लावलेली दिसते. शेवटच्या चेहऱ्याच्या डोळ्यांत पाणी आहे. पण तो चेहरा निवडायला तुला रडू आलेलंच पाहिजे असं नाही, हेही मुलाला सांगायचं असतं. आपल्या त्या मुलीचं म्हणणं दुसरं काय होतं? टल्सामधल्या मुलांनाही तेच म्हणायचं होतं, आणि ते मोठ्यांच्या पुस्तकात गेलं कारण दोन बायांनी आधी विचारलं.

सिकलसेलच्या बाबतीत आपल्या भागात मोठी माणसं होऊन गेली आणि आहेत. नागपूरचे संपत रामटेके डॉक्टर नव्हते. मुलाच्या आजारपणातून ते या कामात पडले, सिकलसेल रुग्णांची संघटना उभी केली; त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन यांनी हायड्रॉक्सीयुरिया हे औषध वजनाच्या किलोमागे रोज दहा मिलिग्रॅम अशा कमी मात्रेत दिलं तरी मुलांचे झटके कमी होतात, हे दाखवलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलची नोंद झाली. १ जुलै २०२३ला राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिची मुदत २०४७. हा आजार दलित आणि आदिवासी समाजांत जास्त आहे, म्हणजे ज्याचं म्हणणं ऐकायची सवयच आपल्याला कमी, त्याच घरातलं हे लेकरू. एक तर लहान, त्यात त्या वस्तीतलं. वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या, लघवीला सोडा, एवढं त्याचं मागणं असतं. शाळेत जाऊन गुरुजींना हे समजावून सांगणारी आशाताई माझ्या मते कुठल्याही मोहिमेइतकीच महत्त्वाची आहे.

आपल्या जिल्ह्यात हे काम पद्धतशीरपणे झालेलं आहे, ते अल्लीपूरला ठाऊक असायला हवं. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९मध्ये सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय काढलं तेव्हापासून तिथले विद्यार्थी पहिल्याच वर्षी खेड्यात राहायला जातात, घरं दत्तक घेतात. तिथल्या सामुदायिक आरोग्य विभागाने गावोगाव किशोरवयीन मुलींचे गट बांधले. किशोरी पंचायत म्हणून ते ओळखले जातात. आंजी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या तेवीस गावांत डॉ. डोंगरे, डॉ. देशमुख आणि डॉ. गर्ग यांनी या मुलींबरोबर पाळीविषयी काम केलं आणि २००७ साली ते छापलं. सुरुवात व्याख्यानाने केली नाही. मुलींची गरज काय, हे आधी त्यांच्याशी बोलून समजून घेतलं, आणि मग दर महिन्याच्या बैठकीत थोडं थोडं बोलणं झालं, आयांशीही. तीन वर्षांनी पाहिलं तर पाळी येण्याआधीच तिच्याविषयी ठाऊक असणाऱ्या मुली शंभरात पस्तीस होत्या त्या पंचावन्न झाल्या. विकतचे पॅड वापरणाऱ्या पाचाच्या पंचवीस झाल्या. तोच कपडा धुऊन पुन्हा वापरणाऱ्या पंच्याऐंशीवरून सत्तावनवर आल्या.

हे आकडे मला प्रिय आहेत, कारण ते फार मोठे नाहीत. पस्तीसाचे पंचावन्न, म्हणजे पंचेचाळीस जणी तरीही काही न कळता घाबरल्या असणार. पण ज्या वीस वाढल्या त्या बैठकीत सतरंजीवर बसून बोलणाऱ्या सामाजिक कार्यकर्तीमुळे वाढल्या. तिचं नाव लेखावर छापून येत नाही.

आता निळ्या गोळीचं बघा. शाळेत दर आठवड्याला लोहाची गोळी देतात, मोठ्या मुलामुलींना निळी, लहानांना गुलाबी. पुढे बसलेल्या मुलींनो, तुमच्यातल्या कितीजणी ती खिडकीतून टाकतात, हे मी इथे विचारणार नाही. (समोरच्या रांगेत हसू आलं, म्हणजे मला उत्तर मिळालं.) रजिस्टरमध्ये मात्र शंभर टक्के वाटप. एका शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी आली होती. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते, हे पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. त्या पथकातल्या सिस्टरनी मुलींना नुसतं विचारलं, “गोळी खाल्ली का कसं वाटते?” मुली म्हणाल्या, “मळमळते. आन् शी काळी होते.” गोळी प्रार्थनेनंतर लगेच, उपाशीपोटी देत होते. काळी शी होण्याने मुली घाबरल्या होत्या, कुणाला सांगताही येत नव्हतं. सिस्टरनी मुख्याध्यापकांना गाठून गोळी खिचडीनंतर द्यायला लावली आणि काळ्या रंगाचं कारण वर्गात मोठ्याने सांगितलं. औषध तेच, पैसा एक जास्त लागला नाही.

ऐकणं म्हणजे मूल म्हणेल ते करणं नव्हे, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर घरी गेल्यावर पोरं सुईला नाही म्हणतील आणि दोष मला येईल. धनुर्वाताची सुई द्यायचीच असते. पण “मुंगी चावल्यासारखं होईल” असं खोटं सांगून दिली की पुढच्या वेळी ते पोर पांढरा कोट दिसला तरी पळतं. “दुखेल. मी तीन म्हणेपर्यंत दुखेल. कोणत्या हातावर देऊ?” असं विचारणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. निर्णय बदलत नाही, हात मुलाने निवडलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं बारावं कलम याहून वेगळं काही सांगत नाही: मुलाला आपल्याबद्दलच्या गोष्टीत मत मांडू द्या आणि वय, समज पाहून त्या मताला वजन द्या. भारत ११ डिसेंबर १९९२ला या संहितेत सामील झाला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या नियमांत संशोधनासाठी सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची संमती लागते, बारापुढच्याची लेखी. पालकांची सही तर हवीच. संशोधनाला जे लागतं ते रोजच्या उपचाराला का लागू नये, हा साधा प्रश्न आहे.

एक अवघड जागाही आहे. मूल कधी असं काही सांगतं की सेविकेच्या अंगावर काटा येतो. शेजारच्याचं नाव, घरातल्याचं नाव. अशा वेळी “कुणालाच सांगणार नाही” असं वचन देऊ नये. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्याने अशी गोष्ट कळली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चांगली समुपदेशक हे मुलीला आधीच सांगते: तू सांगशील ते मी चारचौघांत बोलणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असला तर मला मदत बोलवावी लागेल आणि बोलवण्याआधी मी तुला सांगेन. गावात, जिथे सगळे एकमेकांचे नातेवाईक, तिथे हे करायला छाती लागते. आशाताईला त्याच गल्लीत राहायचं असतं. या धैर्यासाठी आपल्याकडे शालही नाही आणि श्रीफळही नाही.

म्हणून आता गौरव कुणी ठरवावा याकडे येते. पोलंडमध्ये १९६८ साली एक पदक सुरू झालं, हास्याचं पदक. मोठ्या माणसांना ते मुलं देतात. नावं मुलं सुचवतात. पदकावरचा हसरा सूर्य नऊ वर्षांच्या मुलीच्या चित्रातून घेतला आहे. पहिलं पदक मिळालं व्हिक्टर देगा यांना. ते मुलांची वाकडी हाडं सरळ करणारे शल्यविशारद होते. पदक घेताना पाहुण्याला पेलाभर लिंबाचा आंबट रस प्यावा लागतो, तोंड वाकडं न करता, वर हसावं लागतं. १९७९पासून ते जगभरच्या लोकांना मिळतं. मदर तेरेसांनाही मिळालं. मुलांच्या हाती निवड दिली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सिनेमातला नट किंवा खेळाडू निवडला नाही, आपल्यावर उपचार करणारा माणूस निवडला. मुलं पोरकटपणे निवडतील ही आपली भीती मला म्हणून पटत नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट बोलते, कारण समोर आशाताई बसल्या आहेत. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाख आशांचा गौरव केला. त्यानंतर महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तकांना मोबदल्यासाठी २०२३च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२४च्या जानेवारीत संपावर जावं लागलं. सन्मान हा मोबदल्याचा पर्याय होऊ शकत नाही. नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या सगळ्या भेटी पुऱ्या केल्या की आशाला अडीचशे रुपये मिळतात. चौदा वर्षांच्या मुलीजवळ तासभर बसलं की काहीच मिळत नाही. मी मागते आहे तो गौरव त्यांच्या मागणीच्या बाजूने उभा राहावा, तिच्या जागी नव्हे. ज्या बाईचं म्हणणं व्यवस्था ऐकत नाही तिने लेकराचं ऐकावं ही अपेक्षा आपण किती दिवस करणार?

तर माझी सूचना अशी. अल्लीपूर आणि आसपासच्या गावांतल्या शाळांत एकेक पेटी ठेवा. चिठ्ठीवर मुलाने आपलं नाव लिहायचं नाही. प्रश्न थोडे असावेत. दवाखान्यात तुला स्वतःला कुणी विचारलं? दुखेल हे खरं कुणी सांगितलं? तपासताना दार किंवा पडदा कुणी लावला? तू सांगितलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं, हे परत येऊन कुणी सांगितलं? शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण ऐकून घेणारे पुष्कळ, परत येणारे कमी. नाव कुणाचंही येऊ द्या, डॉक्टरचं, सिस्टरचं, आशाचं, अंगणवाडीताईचं, औषध देणाऱ्याचं, वॉर्डातल्या मावशीचं. स्ट्रेचर ढकलणारे मामा मुलांशी फार चांगलं बोलतात, हे मी सांगते.

चिठ्ठ्या मोठ्या वर्गातल्या मुलामुलींनी वाचाव्यात, सोबत एक शिक्षक आणि गावाबाहेरचं एक माणूस असावं. कुणाविरुद्ध तक्रार निघाली तर ती व्यासपीठावर येऊ नये. ती बंद पाकिटात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जावी. छळाची गोष्ट निघाली तर १०९८ला फोन करावा, पोलिसांना कळवावं, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. आणि ज्यांची निवड होईल त्यांना शालीबरोबर त्या चिठ्ठ्यांतली वाक्यं लिहून द्यावीत, मुलांच्याच बोलीत. सेवापुस्तकात नोंद व्हावी यासाठी जिल्हा परिषदेकडे अर्ज करायला मी तुमच्याबरोबर येईन.

तारीख २० नोव्हेंबर ठेवा. १९८९ साली याच दिवशी बालहक्क संहिता स्वीकारली गेली. पण पेट्या त्या आठवड्यात ठेवून चालणार नाही. तेव्हा कपाशीची वेचणी जोरात असते आणि मोठ्या मुली वर्गात नसतात, शेतात असतात. त्यांच्याच चिठ्ठ्या राहतील. पेट्या दिवाळीच्या सुट्टीआधी लावा, आणि ज्या मुली शाळा सोडून घरी बसल्या आहेत त्यांच्याकडे एक पेटी आशाताईंऐवजी बचत गटातल्या एखाद्या बाईने घेऊन जावी, म्हणजे आशाताईंबद्दलही त्यांना मोकळेपणाने लिहिता येईल. मुख्याध्यापक मंडळी इथेच आहेत. सभा संपल्यावर पाच मिनिटं थांबा, कोणत्या शाळेत पेटी कुठे ठेवायची ते आजच ठरवू.